थायरॉइड तर मलेबी आहे

“थायरॉइड? बाप्पा! ते तर मलेबी आहे.”

हे वाक्य मी इतक्या बायायच्या तोंडून ऐकलं आहे का आता कोणी नुसतं ‘थाय’ म्हटलं तरी माहं डोस्कं सणकते. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कोणाच्या डोहाळजेवणात, कुठंबी. आधी गळ्यावरचा व्रण पाहायचा, मंग विचारायचं. मी ‘थायरॉइडचा कॅन्सर’ म्हटलं का त्यातला कॅन्सर गिळून टाकायचा अन् थायरॉइड तेवढं धरायचं. मंग पर्समधून गोळ्यायची बाटली काढायची. सकाळी उपाशीपोटी, हौ ना? मलेबी तेच. केस गळते ना? मलेबी. कोबी नको खात जाऊ. सोयाबीन बंद कर. यवतमाळ जिल्ह्यात राहून सोयाबीन बंद कर म्हणणारी बाई मी सोताच्या डोळ्यानं पाह्यली आहे.

मी गोड बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होती, त्यातली बहुतेक यवतमाळ-दारव्हा रोडवर. त्या रोडवर गोड राहून चालत नाही. बाजाराच्या दिवशी कोंबड्या, तुरीचं पोतं, भांडण करून माहेरी निघालेली सून अन् अर्ध्या तिकिटात बसवायले आणलेलं सोळा वर्षांचं घोडं, सारं एकाच दारातून चढते. तिथं आवाज लागते. माहा होता. यवतमाळच्या स्टँडवर मी “बोरीऽ दारव्हाऽ” म्हटलं का बाकावर झोपलेले ड्रायव्हर उठून बसत. बोरी अरब माहं माहेर. गाडी तिथं थांबली का मी दारातूनच वहिनीले हाक मारायची, अन् स्टँडवरची माणसं हसायची, कारण दादाचं घर चार गल्ल्या आत होतं. वहिनी म्हणायची, “बाई, तुमी आल्या हे गावाले आधी कळते, मले मंग कळते.”

आता त्या आवाजाची फुसफुस राह्यली आहे. ऑपरेशनमधे आवाजाची एक नस गाठीतच गुंतलेली निघाली, ती गेली. जीव पाहिजे का आवाज, असं मले कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी घडीभर विचार केला असता, खोटं कायले सांगू? आता मी डेपोत बसून कॉलेजच्या पोरापोरीयचे पास करते. ते खिडकीतून कान आत घालून म्हणतात, “मॅडम, जोरात बोला ना.” मी म्हणते, “हे जोरातच आहे, बाळा.” ते त्यायले ऐकू जात नाही.

पण सुरुवात गळ्यापासून नाही झाली. पोटापासून झाली.

दोन वर्षं मले हगवण होती. साध्या शब्दात लिहिते, म्हणजे ज्याले तोंड वाकडं करायचं त्यानं इथंच करून घ्यावं. दिवसातून आठ-दहा वेळा. अन् मी कंडक्टर. ड्रायव्हर भला माणूस होता. मी घंटी मारायच्या ऐवजी नुसतं त्याच्या आरशात पाह्यलं का तो गाडी बाजूले घ्यायचा. मी रोडच्या बाजूच्या पऱ्हाटीत, कापसाच्या वावरात पळायची, अन् चाळीस माणसं दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहायचं नाटक करायची. एक मास्तर रोजच्या गाडीले असायचे. ते रोज म्हणायचे, “बाई, बाहेरचं खात जाऊ नका.” मी बाहेरचं खातच नव्हती, माहा डबा असायचा. पण मास्तर ते मास्तर. सासूबाईनं बेलाचा मुरब्बा केला, वहिनीनं डाळिंबाची साल पाठवली, शेजारणीनं देवीचा अंगारा आणला. सारं खाल्लं. अंगारासुद्धा पाण्यात कालवून पिली. दवाखान्यातल्यायनंबी पोट धरूनच औषधं दिली, कारण मीच पोट सांगायची, गळा कोण पाहते?

मंग एक दिवस सकाळी तिकिटाच्या मशीनचा पट्टा गळ्यात घालताना उजव्या बाजूले कशाले तरी अडला. हात लावून पाह्यलं तर बोराएवढी गोटी. दुखत नव्हती. दुखली असती तर बरं झालं असतं.

यवतमाळहून नागपूरले पाठवलं. तिथं सुई टोचली, स्कॅन केले, गळा उघडला, बंद केला. मंग एक डॉक्टर बाई, माह्या पोरापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असन, खुर्ची ओढून समोर बसली. तिनं कागदावर चित्र काढलं. “मावशी, थायरॉइडचे कॅन्सर बरेच प्रकारचे असतात. बहुतेक चांगले बरे होतात. तुमचा तो नाही. तुमचा क्वचित दिसतो, अन् पसरल्यावर सापडला आहे.” मानेच्या गाठींत होता, लिव्हरमधे होता, कमरेच्या एका हाडात होता. बाकीच्यायले जे आयोडिनचं औषध देतात ते याच्यावर चालत नाही. हा हळू चालते, पण जात नाही. गोळ्या आहेत, तपासण्या आहेत, त्याच्यासंगच राहायचं आहे. अन् हगवणबी त्याचीच. त्या गाठी रक्तात काहीतरी सोडतात अन् आतडं पळत सुटते.

मी फुसफुसत विचारलं, “म्हणजे माह्या डब्यात काही खराबी नव्हती?”

“डब्यात काहीच नव्हती.”

मले त्या घडीले कॅन्सरचं नाही, त्या मास्तरचं तोंड आठवलं.

मंग तिनं विचारलं, “घरात अजून कोणाला असं होतं का? गळ्यात गाठ, अन् सारखे जुलाब?”

माहा बाबा मले बसल्या जागी दिसला. टमरेल हातात घेऊन वावराच्या धुऱ्याकडं निघालेला. दिवसातून दहा वेळा. गाव त्याले टमरेलवाला म्हणायचं, तोंडावर म्हणायचं, अन् तो हसायचा. शेवटी शेवटी त्याच्या गळ्याले लिंबाएवढी गाठ आलती अन् आवाज बसला होता. कोणी म्हणालं मिरची जास्त खाते, कोणी म्हणालं विहिरीचं पाणी बाधलं, कोणी म्हणालं कोणीतरी काही केलं. माह्या लग्नाच्या आधीच्या वर्षी गेला. आम्ही पाण्याले दोष देऊन ते पाणी पित राह्यलो.

डॉक्टरनं सांगतलं ते असं. हा माहा कॅन्सर बाबाकडून आलेला. रक्ताची एक वेगळी तपासणी असते, जीनची, त्यात ते कळते. माही केली, निघालं. माह्या पोराले असू शकते, नसू शकते, छापा-काटा. माह्या भावाचंबी तसंच. भावात असलं तर त्याच्या पोरीचं तसंच. “अन् ज्याच्यात निघेल त्याचा थायरॉइड वेळेवर काढून टाकला, तर हे तुमच्यासारखं पसरत नाही. बहुतेक वेळा तो माणूस बरा होऊन जातो.” हे वाक्य मी तिले दोनदा म्हणाले लावलं.

पोराची तपासणी पुण्याले झाली. त्याच्यात नाही निघालं. त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली, अन् दुसऱ्या दिवशी बोरीची गाडी धरली. प्रवासी म्हणून. कारण दादाले एकच लेक आहे.

त्या पोट्टीचं नाव माहं ठेवलेलं. बारशाले आत्यानं पाळण्यात वाकून लेकराच्या कानात नाव सांगायचं, अन् सांगून झालं का बायायनं आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपल्याकडची रीत. आमच्याकडच्या बाया ते धपाटे गमतीनं नाही घालत, जुना राग काढून घालतात. वहिनीचा तर दोन दिवस दुखत होता. पोट्टी मोठी झाली तशी तिचा आवाज असा फुटला का शाळेच्या मैदानातून घरी ऐकू यायचा. दादा म्हणायचा, “एक कमी होती का? आत्यानं दुसरी करून ठेवली.” आता ती तेवीस वर्षांची होती, यवतमाळले बी.एड. करून राह्यलती, अन् बाभुळगावच्या एका चांगल्या घरी तिचं जमलं होतं.

मले तिचा गळा तपासून पाहिजे होता. तेवढंच. बाकी कोणाचं काही का होईना.

वहिनीनं चहा दिला. सारं ऐकून घेतलं. मंग आत गेली अन् एक कागद घेऊन आली, तो माह्यासमोर असा ठेवला का जसा सातबाराच.

“हे पाहा, बाई. आमीबी काही आडाणी नाही. मागच्याच महिन्यात पोरीची थायरॉइड करून आणली. नॉर्मल आहे.”

मी म्हटलं, “वहिनी, हे गोळीवाल्या थायरॉइडचं आहे. माहंबी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीपर्यंत नॉर्मल होतं. हे यात दिसतच नाही. याची तपासणी वेगळी.”

“थायरॉइडचा आजार थायरॉइडच्या तपासणीत दिसत नाही?”

“नाही दिसत.”

“काय वं माय!” ती दादाकडं पाहून म्हणाली. “मंग तुमच्या पोराले निघालं का?”

“नाही.”

“मंग माह्या पोरीले काहून असन? तुमी आजारी, तुमच्या पोटच्या पोराले नाही, अन् ते तुमाले वलांडून माह्या पोरीच्या अंगात येईन? हे कुठचं शास्त्र आहे?”

दादा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. मी त्याच्याकडं वळली. म्हटलं, “दादा, तू देऊन टाक रक्त. तुह्यात नाही निघालं तर पोट्टी सुटली, विषयच संपला.”

“मले काय झालं? मी ठणठणीत आहे.”

“बाबाबी ठणठणीतच होता.”

“बाबाचं नाव कायले काढतं? बाबाले पाणी बाधलं होतं.” त्यानं खर्रा तोंडात टाकला. “साक्षगंध होऊ दे. मंग पाहू.”

“साक्षगंधानंतर म्हणशीन लग्न होऊ दे. लग्नानंतर म्हणशीन आता ती त्यायच्या घरची.”

हे मी बोलली, पण कसं? फुसफुसत. भांडाले आवाज लागते हो! तुमी कितीबी खरं बोला, फुसफुसलं का समोरचा मान हलवते, लहान लेकराशी बोलताना हलवते तशी. पूर्वीची मी असती तर त्या दिवशी अख्खं बोरी ओसरीत गोळा झालं असतं. त्या दिवशी ओसरीत एक कोंबडी होती, तीबी दाणे टिपत होती.

शेवटी वहिनी रडाले लागली, अन् खरं ते तेव्हा बाहेर आलं. “पाहुण्यायच्या कानावर गेलं तर? आज्याले होतं, आत्याले आहे, पोरीले होईन म्हणतीन. कोण करन तिले? कोड असलं, फिट येत असली तर लोक सोयरीक करत नाही. हे तर कॅन्सर आहे.” मंग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “साक्षगंधाले या तुमी. आत्या नाही आली तर लोक विचारतीन. पण गळ्याले रुमाल बांधून या. अन् कोणी विचारलं तर नुसतं थायरॉइड म्हणा.”

मी चहा तसाच ठेवून उठली. तिचं दुःख मले कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता.

यवतमाळले येऊन मी पोट्टीले मोबाइलवर लिहिलं. लिहिताना चारदा खोडलं. ती होस्टेलवर नव्हती, साक्षगंधासाठी तिले घरी नेऊन ठेवलं होतं. तिचं उत्तर आलं: “आत्या, आईनं सांगतलं. माहा रिपोर्ट नॉर्मल आहे गं. तू टेन्शन नको घेऊ, तब्येतीले जप.” खाली एक लाल बदाम. मी फोन केला तर म्हणे, “आत्या, काहीच ऐकू येत नाही, रेंज नाही वाटते.” रेंज होती. आवाज नव्हता.

तेव्हा मी मदत शोधाले निघाली. डॉक्टर बाईनं मले आजारी माणसायच्या एका मोबाइलच्या गटात टाकलं होतं. तिथं सकाळी सहा वाजल्यापासून सूर्यफुलं यायची. ‘तुम्ही लढवय्ये आहात.’ ‘हसत राहा, कॅन्सर पळून जाईल.’ मी लिहिलं, “माहा हाडात बसला आहे, तो पळत नाही.” त्यावर कोणीतरी हात जोडलेले पाठवले अन् आणखी एक सूर्यफूल. तिथं तोंडाचे होते, आमच्या भागातले खर्रा खाऊन झालेले ढीगभर, छातीचे होते, पोटाचे होते. माह्यासारखा कोणी नव्हता. आठ दिवस मी रोज तेच लिहिलं: हा असा असा थायरॉइडचा, घराण्यातून येणारा, कोणाले आहे का? गटातल्या एकीनं उत्तर दिलं. तुमाले कळलंच असन काय. “ताई, थायरॉइड मलाही आहे.”

नवव्या दिवशी एका बाईचा माह्या एकटीले निरोप आला. नांदेडकडची होती. “मला आहे. तोच. नऊ वर्षं झाली. त्या फुलांचा मला वीट आला आहे. फोन करू का?”

ती बोलली अन् मी ऐकलं, मंग मी फुसफुसली अन् तिनं ऐकलं. पूर्ण ऐकलं. “माझ्या भावाचा आवाजही शेवटी असाच झाला होता, मला कळतं, बोला तुम्ही,” म्हणाली. आम्ही दोघी पाऊण तास हगवणीवर बोललो. कोणत्या स्टँडवरचा संडास धड आहे, प्रवासाच्या आदल्या दिवशी काय खायचं, गोळी कोणत्या वेळी घेतली का पोट दोन तास गप बसते. मी हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. लोक मले धीर द्याले येत होते, अन् मले धीर नको होता, मले संडास कुठं आहे ते पाहिजे होतं.

मंग मी तिले पोट्टीचं सांगतलं.

“मी माझ्या भावाला सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “आईला सांगितलं. आई म्हणाली, आत्ता त्याचं नवीन काम लागलंय, मी बघून सांगते. आईनं बघितलंच नाही. त्याला कळलं तेव्हा ते माझ्यापेक्षा पुढं गेलेलं होतं.” मंग तिनं विचारलं, “तुमची भाची किती वर्षांची?”

“तेवीस.”

“मग तिच्या आईबापाला कशाला विचारत बसलात? गळा तिचा आहे.”

साक्षगंध बोरीलेच होतं, दादाच्या अंगणात मांडव घालून. मी रुमाल नाही बांधला. चांगली मोठ्या गळ्याची चोळी घातली. वहिनीनं दारातच पाह्यलं, पण पाहुणे समोर होते.

नवरदेवाची काकू मोठी बोलकी बाई होती. माह्याशेजारीच बसली. पाच मिनिटं कशीतरी काढली तिनं. “गळ्याले काय झालं वं बाई?”

मी तोंड उघडायच्या आत वहिनी दोन रांगा वलांडून आली. “थायरॉइड! थायरॉइडचं बारीकसं ऑपरेशन झालं त्यायचं.”

“बाप्पा! थायरॉइड तर मलेबी आहे!” काकूनं पर्स उघडली, गोळ्यायची बाटली काढली. “सकाळी उपाशीपोटी, हौ ना?” आजूबाजूच्या तीन बायायनं मान हलवली, त्यायलेबी होतं. सगळ्या हसाले लागल्या. वहिनी माह्याकडं पाहून हसली. जिंकल्यासारखी हसली, अन् मी ते अजून माफ नाही केलं.

पाहुण्या बायायचं कुंकू लावून झालं, साडी झाली, ओटी झाली. मंग कोणीतरी म्हणालं, “आत्याले बोलवा, आत्या राह्यली.” स्पीकर असा चालू होता का खुर्च्या थरथरत होत्या. पोट्टी पाटावर बसली होती, हिरव्या साडीत, कपाळ कुंकवानं माखलेलं, अन् फोटोवाल्याकडं पाहून हसून राह्यलती. मी तिले कुंकू लावलं. तिच्या ओटीत खण, नारळ, मूठभर तांदूळ टाकले, अन् तांदळात घडी करून डॉक्टर बाईनं तपासणीचा पत्ता लिहून दिलेली चिठ्ठी टाकली. मंग वाकली.

माह्या आवाजानं आता काहीच होत नाही, फक्त कानात सांगता येते. अन् त्या कानात मी आधीबी एकदा सांगतलेलं होतं.

“ऐक. हसत राहा अन् ऐक. तुह्या आज्याले जे होतं तेच मले आहे. तुह्या बापाले असू शकते. तुले असू शकते. तुहा तो नॉर्मल कागद याचा नाही, तुह्या मायले सांगतलं, ती ऐकत नाही. रक्ताची एक तपासणी आहे. पत्ता ओटीत आहे. वेळेवर गेली तर वाचशीन, माह्यासारखी गेली तर नाही.”

“आत्याबाई, इकडं पाहा,” फोटोवाला म्हणाला. मी पाह्यलं. पोट्टी तशीच हसत होती. फक्त तिच्या हिरव्या बांगड्यायच्या हातानं माहं मनगट धरलं होतं, अन् तिची नखं माह्या मांसात गेलती. तो फोटो आहे. कोणीबी म्हणन किती लळा आहे आत्या-भाचीचा.

अकरा दिवस काहीच कळलं नाही. मंग पंधरा दिवस अजून. अन् एका दुपारी वहिनी माह्या दारात उभी. यवतमाळले, एकटी, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

ती नागपूरले जाऊन आलती, पोट्टी. घरी सांगतलं परीक्षेचा फॉर्म भराचा आहे. रक्त दिलं, रिपोर्ट आला, निघालं. तिनं तो रिपोर्ट आधी त्या पोराले दाखवला, मंग घरी. म्हणे लपवून लग्न नाही करणार. चार दिवसांत बाभुळगावचा निरोप आला का पत्रिकेत काहीतरी दोष निघाला.

“तुमचं तळपट होवो!” वहिनी गल्लीत उभं राहून म्हणाली. “माही पोरगी हसत बसली होती पाटावर. कुंकू लावाले बोलवलं मी तुमाले, अन् तुमी इख ओतलं तिच्या कानात! सोता तर मरून राह्यल्या, माह्या पोरीचा संसार कायले मारला?” बाया दारादारात आल्या. माह्या बाजूनं काहीच आवाज नव्हता, त्यामुळं गल्लीले एकाच बाजूचं भांडण ऐकू आलं. मी आतून पाणी आणलं. तिनं तांब्या घेतला अन् माह्या पायाशी ओतला. नाव ठेवल्यावर धपाटे पडले होते, याचेबी पडणारच होते. पण एक सांगते, लागलं.

पोट्टीच्या ऑपरेशनचं मले कोणी कळवलं नाही. डॉक्टर बाईच्या तोंडून चुकून तारीख निघाली, अन् मी गेली. वर जायची हिंमत नाही झाली. खाली बाकावर बसली, सकाळपासून. दादा एकदा चहा घ्याले उतरला, मले पाह्यलं, अन् एक कप माह्याबी हातात देऊन वर गेला. त्याच्या गळ्याची सोनोग्राफी पोट्टीनं जबरदस्तीनं करवली होती, दोन गाठी निघाल्या होत्या. तेव्हापासून तो पाण्याचं नाव काढत नव्हता.

दुपारी डॉक्टर बाई खाली आली. “मुगाच्या दाण्याएवढा होता, मावशी. आतच. बाहेर कुठंच गेलेला दिसत नाही.”

मी रडली नाही. मी विचारलं, “आवाज?”

“सूज उतरू द्या. मग कळेल.”

मग म्हणजे कधी? मले कोण सांगणार होतं? मी पास करत राह्यली. पोरं खिडकीत कान घालत राह्यली. नांदेडची बाई रोज विचारायची, “काही कळलं?” मी लिहायची, “नाही.” ती फूल पाठवायची नाही, त्याबद्दल देव तिचं भलं करो.

तीन आठवड्यांनी रविवारी मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. फोन वाजला. पोट्टीचं नाव.

“आत्या!”

मी फोन कानापासून हातभर लांब धरला.

“लाज नाही वाटली तुले? कुंकू लावता लावता? दोन दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं? तो पोट्टा मले आवडत होता, माहीत आहे तुले? माय जेवत नाही, बाबाचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन, गाव दारावरून जाताना आमच्या घराकडं बोट दाखवते! अन् आता जन्मभर सकाळी उठून उपाशीपोटी ती गोळी खाऊ का मी? मी तुह्या घरी पाय ठेवणार नाही! ऐकू येते का तुले? बोल ना! बोलत काहून नाही?”

मी स्पीकरचं बटण दाबलं अन् फोन शेंगांच्या सुपात ठेवला. भिंतीवरून शेजारीण डोकावली, तीच, अंगारा आणणारी. “कोण वं बाई एवढं बोंबलून राह्यलं?”

“माही भाची,” मी म्हटलं. तिले ऐकू गेलं नाही.

मंग मी सुपावर वाकून फोनमधे म्हटलं, “आणखी जोरात.”

तेबी कोणाले ऐकू गेलं नाही. तिचं ओरडणं चालूच होतं.